सूर्याची वादळं आणि आपली तब्येत

 

आजच्या विषयाचं कारण तुमच्या-माझ्या मोबाइलमध्येच आहे. दर वर्षी-दोन वर्षांनी एक संदेश फिरतो. आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत पृथ्वीजवळून घातक किरण जाणार आहेत, मोबाइल बंद करा, अंगापासून दूर ठेवा, नाहीतर शरीराला अपाय होईल. खाली नासाचं आणि बीबीसीचं नाव. कोणत्या महिन्याची, कोणत्या वर्षाची 'आज रात्र' हे कधीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे संदेश शिळा होत नाही.

मे २०२४ मध्ये मात्र खरोखरच मोठं सौर वादळ आलं. १० आणि ११ मेच्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशात लाल प्रकाश टिपला. उत्तर ध्रुवाकडे दिसणारा ध्रुवीय प्रकाश आपल्या देशातून दिसला. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि मग संदेशांना ऊत आला. रक्तदाब वाढेल, हृदयविकाराचे झटके येतील, गरोदर स्त्रियांनी बाहेर पडू नये, पेसमेकर बंद पडतील. मला स्वतःला त्या आठवड्यात असे बारा-तेरा संदेश आले, तेही शिकलेल्या माणसांकडून.

मी डॉक्टर नाही, खगोलशास्त्रज्ञ नाही. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि फौजेत सिग्नल्समध्ये गेलो. तिथे सूर्याशी रोजचा संबंध आला. लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ चालतो तो आकाशातल्या एका थरावर आपटून परत येणाऱ्या लहरींवर. त्या थराला आयनमंडल म्हणतात आणि ते सूर्य बनवतो. म्हणून दिवसाची फ्रिक्वेन्सी वेगळी, रात्रीची वेगळी. कधीकधी भर दुपारी सगळा सेट अचानक मुका व्हायचा. बॅटरी ठीक, एरियल ठीक, पलीकडचा ऑपरेटर जागा, आणि तरी आवाज नाही. पंधरा-वीस मिनिटांनी, कधी तासाभराने आपोआप सुरू. नव्या पोरांना वाटायचं सेट बिघडला. जुने हवालदार म्हणायचे, "साहेब, आज वर काहीतरी झालंय." ते 'वर' म्हणजे सूर्य.

फौजेत आणखी एक शिकवलं जातं. खबर आली की तिची प्रतवारी करायची. पक्की खबर कोणती, शक्य पण अजून खात्री न झालेली कोणती, आणि अफवा कोणती. तीनही एकाच टोपलीत टाकल्या की माणसं मरतात. सूर्य आणि आरोग्य या विषयात नेमकं तेच झालंय. म्हणून आज आपण त्या तीन टोपल्या वेगळ्या करू.

सूर्य नेमकं काय करतो

सूर्यावर साधारण ११ वर्षांचं चक्र चालतं. डाग वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. सध्याचं चक्र मोजणीतलं २५वं, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. डाग जास्त असतात त्या वर्षांत उद्रेक जास्त होतात.

एका मोठ्या उद्रेकातून तीन गोष्टी निघतात. तोफ डागली की लांबून आधी लखलखाट दिसतो, आवाज मागून येतो, तसाच हा प्रकार.

पहिला लखलखाट. त्यात क्ष-किरण आणि अतिनील किरण असतात. प्रकाशाच्या वेगाने येतात, म्हणजे सुमारे ८ मिनिटं २० सेकंदांत. माझा रेडिओ बंद पाडायचा तो हाच. दुसरे वेगवान कण, मुख्यतः प्रोटॉन. ते काही मिनिटांपासून काही तासांत पोहोचतात. तिसरा तप्त, चुंबकीय वायूचा प्रचंड ढग. तो साधारण एक ते तीन दिवसांत येतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धक्का देतो. त्यालाच आपण भूचुंबकीय वादळ म्हणतो.

या तिसऱ्या प्रकाराची इतिहासातली सगळ्यात गाजलेली नोंद आपल्या मुंबईत झालेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर पांढराशुभ्र उद्रेक दुर्बिणीतून पाहिला. साडेसतरा तासांच्या आसपास तो ढग पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं चुंबकीय उपकरणांवर डोळे लावून हाताने नोंदी करत होती. त्यांनी चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट लिहून ठेवली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच जुन्या वह्यांवरून त्या वादळाची ताकद जगासमोर मांडली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, कारण ट्रामच्या विजेने मोजमाप बिघडलं असतं. अलिबागला ते काम आजही सुरू आहे.

हा ट्रामचा मुद्दा लक्षात ठेवा. शहरातली एक ट्राम सुद्धा चुंबकीय नोंदी बिघडवू शकते. पुढे याचा उपयोग होणार आहे.

आपली ढाल

या सगळ्यापासून आपल्याला दोन ढाली वाचवतात. पहिली हवा. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन सुमारे दहा मीटर पाण्याएवढं आहे. म्हणजे आपण सगळे दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी बसल्यासारखे आहोत. सूर्याचे क्ष-किरण आणि बहुतेक सगळे कण वरच्या वरच अडतात. घराच्या गच्चीवर झोपलेल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाहीत.

दुसरी ढाल पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. ते कणांना ध्रुवांकडे वळवतं. इथे आपल्या देशाचं नशीब चांगलं आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. म्हणूनच १९६३ मध्ये रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा निवडलं होतं. चुंबकीय विषुववृत्ताजवळ ही ढाल सगळ्यात जाड असते. कॅनडा, नॉर्वे, अलास्का इथल्या लोकांपेक्षा नागपूर, भोपाळ, चेन्नई इथला माणूस या बाबतीत कितीतरी सुरक्षित आहे. परदेशातला इशारा जसाच्या तसा आपल्याकडे पाठवण्यात काही अर्थ नाही, त्याचं हे कारण.

पहिली टोपली: पक्की खबर

सूर्याच्या उद्रेकातून शरीराला थेट अपाय होतो का? होतो. पण ढालीच्या बाहेर गेलेल्यांना.

अंतराळवीर हे पहिलं उदाहरण. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ चंद्रावरून परत आलं. डिसेंबरमध्ये अपोलो १७ गेलं. मधल्या काळात, ४ ऑगस्टला, सूर्यावरून कणांचा फार मोठा मारा झाला. त्या दिवशी कुणी फक्त अंतराळपोशाखात चंद्रावर चालत असतं, तर किरणोत्साराने आजारी पडण्याएवढी मात्रा त्याला मिळाली असती. चार महिन्यांच्या फरकाने ती माणसं वाचली. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वादळांत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांना जास्त जाड भिंतींच्या भागात आसरा घ्यावा लागला होता.

आकड्यांत सांगतो. किरणोत्साराची शरीरातली मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, हवा, अन्न, आकाश या सगळ्यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका एक्स-रेत सुमारे ०.१. अंतराळ स्थानकात दिवसाला अर्धा ते एक. म्हणजे आपली वर्षभराची मात्रा तिथे तीन ते पाच दिवसांत पुरी होते. २०२५ मध्ये आपले ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला तिथे राहून आले. गगनयानाची तयारी चालू आहे. त्यामुळे हा आता फक्त अमेरिका-रशियाचा प्रश्न राहिलेला नाही.

दुसरं उदाहरण वैमानिक आणि केबिन क्रूचं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवेची ढाल पातळ होते. विमानातल्या कर्मचाऱ्यांना वर्षाला साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट जादा मिळतात. आंतरराष्ट्रीय नियमांत त्यांची गणना किरणोत्साराच्या जवळ काम करणाऱ्यांमध्ये होते, त्यांच्यासाठी सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं बेंगळुरूला येणारं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून आलं. अशा मार्गांवर सूर्यावर मोठा उद्रेक झाला तर विमानं दक्षिणेकडे वळवतात. त्यात किरणोत्सार हे एक कारण आणि ध्रुवाजवळ एचएफ रेडिओ बंद पडतो हे दुसरं. मुला-नातवंडांना भेटायला वर्षातून एकदा अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांनी मात्र घाबरू नये. अशा लांबच्या एका प्रवासातली मात्रा छातीच्या एक्स-रेच्या आसपास असते. विमान कंपनीत काम करणारी गरोदर मुलगी घरात असेल तर तिने कंपनीच्या डॉक्टरांशी ड्युटीबद्दल जरूर बोलावं. तो नियम आहे, तिचा हक्क आहे.

यात एक गंमत आहे. सूर्य जास्त सक्रिय असतो त्या वर्षांत दूरच्या ताऱ्यांकडून येणारे विश्वकिरण उलट कमी होतात, कारण सूर्याचा चुंबकीय वारा त्यांना बाहेर ढकलतो. म्हणजे मोठे उद्रेक सोडले तर सक्रिय सूर्याच्या वर्षांत विमानातली मात्रा थोडी घटते. 'सूर्य खवळला म्हणजे सगळंच वाढलं' असं नसतं.

पक्क्या टोपलीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या घरापर्यंत पोहोचते. वादळाने माणसाला थेट काही झालं नाही तरी माणूस ज्या यंत्रांवर जगतो त्यांना होतं. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात भूचुंबकीय वादळाने वीजपुरवठा कोसळला. ६० लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात. मार्च म्हणजे तिथे कडाक्याची थंडी. वीज गेली म्हणजे ऑक्सिजनचं यंत्र, डायलिसिस, लसींचे फ्रीज, पाण्याचे पंप, लिफ्ट. जीपीएस डळमळलं म्हणजे रुग्णवाहिकेचा रस्ता. आपल्या अक्षांशावर जाळं असं कोसळण्याचा धोका कमी आहे, पण उपग्रह आणि जीपीएस सगळ्या जगाचे एकच आहेत.

फौजेच्या इतिहासात याचे दोन किस्से आहेत. २३ मे १९६७ ला अमेरिकेचे उत्तरेकडचे क्षेपणास्त्र-इशारा देणारे रडार एकदम निकामी झाले. रशियाने जाणूनबुजून जॅम केले असा संशय आला, विमानांची तयारी सुरू झाली. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी वेळेवर सांगितलं की हे काम सूर्याचं आहे, म्हणून प्रकरण तिथेच थांबलं. आणि १९७२ च्या त्याच ऑगस्टच्या वादळात उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ पेरलेले अनेक चुंबकीय पाणसुरुंग, कुठलंही जहाज जवळ नसताना, आपोआप फुटले. खबर चुकीची वाचली तर काय होऊ शकतं याची ही उदाहरणं आम्हा लोकांना झोपेतून उठवणारी आहेत.

दुसरी टोपली: शक्य, पण खात्री नाही

आता मुद्द्याचं. जमिनीवर राहणाऱ्या साध्या माणसाच्या हृदयावर, मेंदूवर भूचुंबकीय वादळाचा परिणाम होतो का?

हा विचार नवा नाही. रशियात अलेक्झांडर चिझेव्हस्की नावाचे शास्त्रज्ञ होते. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी साथीचे रोग, लढाया, क्रांत्या यांचा सूर्याच्या डागांशी संबंध जोडला. क्रांती सूर्यामुळे होते हे म्हणणं सोव्हिएत सत्तेला पटणारं नव्हतंच. १९४२ मध्ये त्यांना अटक झाली आणि आठ वर्षं शिक्षा भोगावी लागली. त्यांचे सगळे दावे टिकले नाहीत, पण प्रश्न मागे राहिला.

अलीकडचं काम जास्त काटेकोर आहे. २०१४ मध्ये 'स्ट्रोक' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स, स्वीडन इथल्या ११ हजारांहून अधिक पक्षाघाताच्या रुग्णांची माहिती घेतली होती. भूचुंबकीय वादळाच्या दिवसांत पक्षाघाताचं प्रमाण १९ टक्क्यांनी जास्त दिसलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या २६३ शहरांतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून हार्वर्डच्या संशोधकांनी भूचुंबकीय हालचाल आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत संबंध दिसतो असं मांडलं. हे अभ्यास गंभीर लोकांनी केलेले आहेत, उडवून लावण्यासारखे नाहीत.

पण आम्हाला शिकवलं ते आठवा. एक चौकी बोलली म्हणून हल्ला करायचा नसतो. दुसऱ्या बाजूने पडताळायचं.

पहिला प्रश्न: १९ टक्के म्हणजे किती? समजा साठीतल्या एखाद्या माणसाला वर्षभरात पक्षाघात होण्याची शक्यता शंभरात एक आहे. म्हणजे एका दिवसाची शक्यता साडेछत्तीस हजारांत एक. त्यावर १९ टक्के वाढवा. ती सुमारे तीस हजार सातशेत एक होते. आकडा हलला, पण माणसाच्या हाताला लागणारा फरक जवळपास नाही. उलट २०१६ मध्ये भारतासह ३२ देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा गोष्टींशी जोडलेला आहे. वाढलेला रक्तदाब सगळ्यात वर. मग धूम्रपान, मधुमेह, पोटाचा घेर, बसून राहणं, खाणं, दारू, ताण अशा गोष्टी. त्या दहांत सूर्य नाही.

दुसरा प्रश्न: दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली का? भूचुंबकीय वादळं मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, जास्त होतात. त्याच सुमारास ऋतू बदलतो. हवामान, फ्लू, झोपेच्या वेळा बदलतात. चांगले अभ्यासक हे वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण सगळं वजा होतंच असं नाही. शिवाय हे बहुतेक अभ्यास आपल्यापेक्षा ध्रुवांच्या जास्त जवळ असलेल्या देशांतले आहेत.

तिसरा प्रश्न: हे घडणार कसं? मुंबईजवळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० हजार नॅनोटेस्ला आहे. मे २०२४ च्या वादळाने त्यात सुमारे ४०० चा, म्हणजे एक टक्क्याचा बदल केला. तुम्ही घरातल्या लोखंडी कपाटाजवळून चालत गेलात तर त्याहून जास्त बदल तुमच्या शरीराला जाणवायला हवा. मघाची ट्राम आठवा. शहरात राहणारा माणूस लिफ्ट, मोटार, मेट्रो यांच्या चुंबकीय गर्दीतच राहतो. आणि दीड टेस्लाचा एमआरआय म्हणजे १५० कोटी नॅनोटेस्ला. त्यात आपण वीस मिनिटं झोपून घरी येतो.

तरीही दार पूर्ण बंद करता येत नाही. काही पक्ष्यांच्या डोळ्यांत क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं, त्याच्या आधारे ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओळखतात असं मानायला भक्कम कारणं आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या प्रयोगात, पृथ्वीच्या क्षेत्राएवढंच चुंबकीय क्षेत्र आजूबाजूला फिरवल्यावर काही माणसांच्या मेंदूच्या लहरींत बदल नोंदवला गेला. त्या माणसांना स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. मेंदूत नोंद होणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. झोपेशी जोडलेल्या मेलाटोनिन या द्रव्यावर परिणाम होत असावा असाही एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही.

म्हणून या टोपलीवर मी चिठ्ठी लावतो: अभ्यास चालू, घाबरण्याचं कारण नाही, औषध बदलण्याचं तर मुळीच नाही.

तिसरी टोपली: अफवा

मोबाइल उशाशी ठेवला तर अंतराळातले किरण त्यातून शिरतात, ही अफवा. मोबाइल असे किरण ओढत नाही. जमिनीवर पेसमेकर बंद पडतात, ही अफवा. गरोदर बाईने घराबाहेर पडू नये, ही अफवा. अमुक धातूचं पेंडंट, तमुक स्टिकर लावला की संरक्षण मिळतं, ही तर अफवाही नाही, सरळ धंदा आहे. सूर्यावर डाग वाढले म्हणून यंदा उन्हाळा कडक, हेही चूक. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याकडून येणारी एकूण ऊर्जा साधारण एक हजारांश एवढीच बदलते.

तुम्ही म्हणाल, साहेब, असू द्या अफवा, कुणाचं काय बिघडतं? मी सांगतो काय बिघडतं.

आमच्या वसाहतीत एक माजी सुभेदार राहतात. सत्तरीला टेकलेले. मे २०२४ च्या त्या शनिवारी दुपारी त्यांना दरदरून घाम आला, डावा हात जड झाला, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटू लागलं. मुलाने मोबाइलवर आलेला संदेश वाचून दाखवला. त्यात हीच लक्षणं लिहिली होती आणि पुढे म्हटलं होतं, दोन दिवसांत आपोआप उतरेल, भरपूर पाणी प्या, फोन बंद ठेवा. त्यांनी पाणी प्यायलं. फोन बंद केला. पाच तास खोलीत पडदे ओढून पडून राहिले. रात्री वहिनींनी कुणाचं न ऐकता शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. रुग्णालयात ईसीजी झाला, हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी करून जीव वाचला. पण त्या पाच तासांत हृदयाचा जो स्नायू गेला तो परत आला नाही. ज्या माणसाने सतरा-अठरा हजार फुटांवरच्या पोस्टवर पाठीवर ओझं घेऊन चढाई केली, तो आज दुसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात चढू शकत नाही. मला भेटले की म्हणतात, "सर, सूर्याने काही नाही केलं, त्या मेसेजने केलं." संदेश पाठवणारा त्यांचाच भला चाहणारा नातेवाईक होता.

त्यातलं सगळ्यात वाईट काय, तर संदेशात फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. ज्या फोनवरून रुग्णवाहिका यायची तोच बंद.

आणखी एक गोष्ट. वाईट होणार आहे असं मनावर ठसलं की धडधड वाढते, झोप उडते, डोकं दुखतं. ही लक्षणं खोटी नसतात, पण त्यांचं मूळ भीतीत असतं. रात्री बारा वाजता असा संदेश वाचून जागरण करणाऱ्या वृद्ध माणसाचा रक्तदाब सकाळी वाढलेला असेल, तर त्याचं खापर सूर्यावर फोडू नका.

मग करायचं काय

आता थोडं कामाचं सांगतो. लिहून घ्या म्हणणार नाही, पण लक्षात ठेवा.

एक. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणं यांपैकी काहीही झालं तर त्या दिवशी आकाशात काय चाललंय याचा विचार करायचा नाही. तोंड वाकडं होणं, हात न उचलणं, बोबडं बोलणं ही पक्षाघाताची खूण. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घड्याळ बघा, ११२ फिरवा, अनेक राज्यांत १०८ आहे, निघा.

दोन. रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ करण्याची गोळी कुठल्याही संदेशावरून बंद करू नका, वाढवू नका. खरं म्हणजे सौर वादळाची भीती वाटत असेल तर तिचा चांगला उपयोग करा: त्या दिवशी रक्तदाब मोजून घ्या. तुम्हाला दहांपैकी सगळ्यात मोठ्या कारणाची माहिती मिळेल.

तीन. घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल, इन्सुलिन फ्रीजमध्ये असेल, तर वीज गेली तर काय, याची तयारी ठेवा. भरलेला सिलिंडर, चार्ज केलेला टॉर्च, बर्फाची पिशवी, जवळच्या दवाखान्याचा नंबर कागदावर. ही तयारी सौर वादळापेक्षा चक्रीवादळाला, पुराला जास्त उपयोगी पडेल. पडू द्या. तयारी कशासाठी केली हे संकट विचारत नाही.

चार. सूर्यापासून खरा त्रास कुठून होतो तिकडे बघा. तो रोजच्या उन्हातून होतो. आमच्या जवानांना लेहला उतरल्यावर विरळ हवेची सवय होईपर्यंत दिवसांचे टप्पे ठरलेले असतात, आणि बर्फात काळा चष्मा न घालणं हा गुन्हा मानला जातो. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे दहा टक्के वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत डोळ्यावर फेकतो. चष्म्याशिवाय काही तास काढले तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, दिसेनासं होतं. लडाख-मनालीला फिरायला जाणाऱ्यांनी, चारधामला जाणाऱ्यांनी चांगला चष्मा न्यावा. मैदानी मुलखात वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांना मोतीबिंदू लवकर होतो, त्यात या किरणांचा वाटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात, मराठवाड्यात, तेलंगणात, राजस्थानात दुपारी बारा ते तीन शेतात, बांधकामावर, दुचाकीवर असलेल्या माणसाला उष्माघात होतो. पाणी, मीठ-साखर, सावली, डोक्याला टापशी आणि कामाच्या वेळा बदलणं, ही त्यावरची ढाल. सौर वादळाची बातमी रंगवून सांगणारे आपण, गच्चीवर वॉटरप्रूफिंग करणाऱ्या मजुराला दुपारी पाणी विचारतो का, हे एकदा स्वतःला विचारावं.

पाच. खबर खरी कुठे मिळेल? आपला आदित्य-एल१ उपग्रह २ सप्टेंबर २०२३ ला निघाला आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आपल्या चौकीवर पोहोचला. त्यावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने बनवली आहे. मे २०२४ च्या वादळाची नोंद त्यानेही घेतली. इस्रो आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था यांची माहिती उघड असते. पुढचा संदेश आला की आधी पाहा: तारीख आहे का, वर्ष आहे का, नाव दिलेल्या संस्थेच्या स्वतःच्या पानावर ते आहे का. नसेल तर पुढे पाठवू नका. एवढं एक काम प्रत्येकाने केलं तरी पुष्कळ.

१८५९ मध्ये कुलाब्याला ज्या माणसांनी हाताने आकडे लिहिले, त्यांना आपण काय नोंदवतोय याचा पूर्ण अर्थ माहीत नव्हता. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं, भर घातली नाही, घाबरून वही मिटली नाही. म्हणून ती वही आजही कामाला येते. आपल्या हातातल्या मोबाइलवर आपण रोज काहीतरी नोंदवतो आणि पुढे पाठवतो. तेवढीच शिस्त आपण पाळावी, एवढी माझी विनंती.

आपले प्रश्न खाली जरूर लिहा. वैद्यकीय प्रश्न मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा, मला नको.  जय हिंद.